आईला नोटीस आली आहे: पंधरा दिवसांत वाड्यातली जागा खाली करा. उत्तर कसं द्यायचं?

माडीवरची | १६ नोव्हेंबर, रात्री ११.४०

नमस्कार. लांबलचक लिहितेय, पण अर्धवट सांगून सल्ला मागण्यात अर्थ नाही.

सदाशिव पेठेत एका वाड्यात माडीवर आमच्या दोन खोल्या आहेत. आजोबांचं बिर्‍हाड आधी ओंकारेश्वराच्या मागे होतं. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, होतं नव्हतं ते नदीनं नेलं, आणि पुढच्या वर्षी ते या वाड्यात आले. पावत्या आधी आजोबांच्या, मग बाबांच्या नावानं. बाबा २०१९ मध्ये गेले. पावती आईच्या नावावर करायची राहूनच गेली. जुने मालक म्हणायचे, "वहिनी, नावात काय आहे, भाडं येतंय ना!" आई आता ७४ वर्षांची आहे. १९७४ साली लग्न होऊन ती आली ती याच खोल्यांत.

भाडं महिना २१० रुपये. हसू नका.

जुने मालक ऑगस्ट २०२२ मध्ये वारले. सप्टेंबरचं भाडं त्यांच्या नातवानं घेतलं, पावती दिली. त्यानंतर "बघू हो काकू, वारसाची कागदपत्रं होऊ देत" असं म्हणून घेणंच बंद केलं. आईनं काय केलं, तर दर महिन्याच्या पाच तारखेला एका पाकिटात दोन शंभरच्या आणि एक दहाची नोट घालायची, वर महिना लिहायचा आणि ते कपाटातल्या पितळी डब्यात ठेवायचं. गेल्या आठवड्यात मी डबा उघडला. ऑक्टोबर २०२२ पासून या नोव्हेंबरपर्यंत ३८ पाकिटं भरली. शेवटची पाच माझ्याकडच्या देवघरात होती, कारण आई जूनपासून माझ्याकडे कोथरूडला आहे.

तेही सांगते. मे महिन्यात जिन्यावरचा दिवा गेला. वाड्याचा सामायिक मीटर मालकांच्या नावावर आहे. नातवाला सांगितलं, तो म्हणाला बघतो. १९ जूनला रात्री आई खाली कचरा टाकायला उतरली आणि शेवटच्या तीन पायर्‍या चुकली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, मग वॉकर, मग काठी. माझ्याकडे लिफ्ट आहे म्हणून तिला इकडेच ठेवलं. वाड्यातल्या खोल्यांना कुलूप आहे.

आता नोटीस. शुक्रवारी, १४ तारखेला, शेजारच्या काकूंनी दारावर चिकटवलेल्या कागदाचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवला. त्याच दिवशी पोस्टानंही आली, ती काकूंनी सही करून घेतली. मजकूर असा: ३८ महिन्यांचं भाडं थकलं, रक्कम ७,९८० रुपये. मालकाच्या परवानगीशिवाय पक्कं बांधकाम केलं (उभ्याचा ओटा आणि गॅलरीत संडास). सहा महिन्यांहून अधिक काळ जागा वापरात नाही. मालकाला स्वतःला राहायला जागेची निकड आहे. आणि बाबांच्या मृत्यूनंतर आई भाडेकरूच नाही, "अनधिकृत रहिवासी" आहे. सबब पंधरा दिवसांत जागा खाली करून शांततापूर्ण ताबा द्यावा.

"अनधिकृत" हा शब्द वाचून आई दोन दिवस जेवली नाही. मालकांच्या याच नातवाच्या बारशाला तिनं पाळणा म्हटला होता.

तोंडी निरोप असा आहे की चार लाख घ्या आणि सही करा. माझा भाऊ बेंगळुरूला असतो, तो म्हणतो घेऊन टाक, आईला तो जिना परत चढायचाच कशाला. आई म्हणते मला माझ्या घरी जायचंय. मी मधल्यामधे.

प्रश्न: पंधरा दिवसांत खरंच काढू शकतात का? उत्तर न देता गप्प बसलं तर काय होईल? आणि भाऊ म्हणतोय ते सगळं भाडं नातवाच्या नंबरवर जीपे करून टाकू, तसं करू का?

---

तारखेवाला | १७ नोव्हेंबर, सकाळी ६.१५

ताई, आधी चहा घ्या. पंधरा दिवसांत काही होत नाही. मी कसब्यातला भाडेकरू, नोटीस आली तेव्हा माझा मुलगा तिसरीत होता आणि निकाल लागला तेव्हा तो नोकरीला लागला होता. चौदा वर्षं. शिवाजीनगर कोर्टातल्या कँटीनवाल्यानं मला एकदा विचारलं होतं, साहेब आपण कोणत्या टेबलाला असता?

अनुभवाचे दोन बोल. एक म्हणजे कशावरही सही करू नका. विशेषतः "कब्जेपावती" नावाचा कागद. आमच्या वाड्यातल्या एका आजोबांनी "दुरुस्तीपुरतं सामान हलवतो" असं समजून सही केली, त्यावर लिहिलं होतं की भाडेहक्क राजीखुशीनं सोडला. आजोबा वारजे-माळवाडीला मुलीकडे राहायला गेले ते गेलेच.

दुसरं म्हणजे कुलूप. किल्ली कोणालाही देऊ नका, "फक्त मोजमाप घेतो" म्हणाले तरी. शेजारच्या काकूंकडे एक किल्ली असेल तर परत घ्या. त्यांच्यावर संशय नाही, पण उद्या कोणी त्यांच्याच दारात जाऊन गोड बोललं तर त्या बिचार्‍या काय करणार.

कायद्याचं काय ते कोट घातलेली मंडळी सांगतील. मी फक्त पावत्यांबद्दल विचारतो. जुन्या आहेत का?

---

माडीवरची | १७ नोव्हेंबर, सकाळी ९.०५

काका, आहेत! बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. १९६२ पासूनच्या सगळ्या नाहीत, पण १९८० नंतरच्या जवळजवळ सलग आहेत. जुन्या मालकांची सही हिरव्या शाईत. एका पावतीवर मागे त्यांनी लिहिलंय, "नळाचे १५ रु. वेगळे मिळाले." संडासाबद्दल मात्र काही सापडलं नाही. २००९ मध्ये बाबांचे गुडघे गेले तेव्हा गॅलरीत कमोड बसवला. मालक स्वतः उभे राहून गवंड्याला सांगत होते पाइप कुठून काढायचा ते. पण लेखी काही नाही.

---

काळा_कोट | १७ नोव्हेंबर, दुपारी २.३०

पुण्यातच वकिली करतो, भाड्याची प्रकरणं दोन्ही बाजूंनी लढवली आहेत. तुमचे कागद न बघता लिहितोय, हे धरून वाचा.

नोटीस म्हणजे हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा निकाल, नव्हे. ताबा घ्यायला मालकाला लघुवाद न्यायालयात, आपण ज्याला स्मॉल कॉज म्हणतो तिथे, दावा लावावा लागतो. तो जिंकावा लागतो. मग अपील, मग निकाल अमलात आणायची दरखास्त, मग कोर्टाचा बेलीफ. अधल्यामधल्या कोणत्याही टप्प्यावर कुलूप तोडून सामान बाहेर काढलं तर ते बेकायदा. तसं झालंच तर विशिष्ट साहाय्य कायद्याच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागता येतो, मालकी कोणाची हा प्रश्न तिथे येतच नाही.

मात्र "नोटीस पंधरा दिवसांचीच आहे, म्हणून दावा पडेल" अशा भ्रमातही राहू नका. पंधरा दिवस हे मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०६ मधून आलेले आहेत. भाडे कायद्याखालच्या दाव्याला ती नोटीस लागतच नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७९ मध्येच सांगून ठेवलंय. लागते ती थकबाकीची, आणि तिची मुदत वेगळी आहे.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, लागू ३१ मार्च २००० पासून. त्याचं कलम १५ तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. भाडेकरू भाडं द्यायला तयार आणि राजी असेल तर निव्वळ थकबाकीवरून त्याला काढता येत नाही. थकबाकीची लेखी मागणी पोचल्यापासून ९० दिवस होईपर्यंत त्या कारणावर दावाच लावता येत नाही. १४ नोव्हेंबरला पोचली असेल तर १२ फेब्रुवारीपर्यंत. पुढे दावा लागलाच तर समन्स मिळाल्यापासून आणखी ९० दिवसांत सगळी थकबाकी, त्यावर सालीना १५ टक्के सरळव्याज आणि खर्च कोर्टात भरून, पुढचं भाडं नियमित भरत राहिलं, तरी त्या कारणावर हुकूमनामा होत नाही. इतकी दारं उघडी असताना लोक भाड्यावरून जागा घालवतात, कारण ते रागानं किंवा भीतीनं भाडं भरणं थांबवतात.

आता तुमच्या आईंची पाकिटं. वाचून वाईट वाटलं, पण कोर्टासमोर डब्यातल्या पाकिटाला किंमत नाही. "तयार आणि राजी" याचा अर्थ भाडं मालकापुढे केलं पाहिजे, आणि केल्याचा पुरावा पाहिजे. पुढच्या आठवड्यात ७,९८० रुपये पाठवा. जीपे नको असं नाही, पण तो नंबर कोणाच्या खात्याला जोडलाय, ते खातं मालकाचं आहे का, तो उद्या "उसने पैसे परत केले" म्हणेल का, हे प्रश्न कशाला ओढवून घ्यायचे? आईंच्या खात्यावरचा चेक, नोटिशीच्या उत्तरासोबत, स्पीड पोस्टानं, पोचपावतीसह, मालकाला आणि त्यांच्या वकिलांना दोघांनाही. चेक परत आला तर मनीऑर्डर. "घेण्यास नकार" असा शेरा मारून ती परत आली की तो कागद सोन्यासारखा जपा. आणि इथून पुढे दर महिन्याला हेच.

बाबांनंतर आई भाडेकरू नाही, हे म्हणणं टिकणार नाही. कलम ७ मधल्या व्याख्येतच आहे: भाडेकरू वारला तर मृत्यूसमयी त्याच्याबरोबर राहणारा कुटुंबातला माणूस भाडेकरू होतो. पावतीवर नाव बदललं नाही म्हणून हक्क जात नाही. शिधापत्रिका, मतदार यादी, बँकेचं पासबुक, २०१९ च्या आधीचं आणि नंतरचं, काढून ठेवा. बाबांचा मृत्यूचा दाखला त्याच पत्त्यावरचा असेल तर उत्तमच.

वापरात नाही म्हणतात, तर कलम १६ मध्ये "वाजवी कारणाशिवाय" असे शब्द आहेत, आणि सहा महिने मोजायचे ते दावा दाखल होण्याच्या लगेच आधीचे, सलग. मोडलेलं हाड हे वाजवी कारण नाही तर दुसरं काय असतं? डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, फिजिओथेरपीच्या पावत्या एका फाइलला लावा. तरीही १९ डिसेंबर हा दिवस मी कॅलेंडरवर लाल करीन. डॉक्टर हो म्हणत असतील तर त्याआधी आईंनी तिथे जाऊन राहावं. नुसता दिवा लावून येऊ नका. राहावं. लाइट बिलाचे युनिट कोर्ट बघतं.

उभ्याच्या ओट्याचं मनावर घेऊ नका. "पक्कं बांधकाम" यातून काय काय वगळलंय त्याची यादी कायद्यातच आहे. लाकडी पार्टिशन, उभ्याचा ओटा, हवेसाठी खिडकी, एक्झॉस्ट वगैरे, जिथे लागेल तिथे महापालिकेची परवानगी घेऊन. संडास त्या यादीत नाही. तिथे तुम्हाला थोडं अवघड आहे, खोटं कशाला सांगू. गवंडी हयात आहे का? त्या काळात वाड्यात राहणारं, मालकांना उभं राहून सूचना देताना पाहिलेलं कोणी? नावं आत्ताच लिहून ठेवा. उत्तरात "बांधकाम केलंच नाही" असं मात्र चुकूनही लिहू नका. एक खोटं सापडलं की बाकीचं खरंही वाया जातं.

मालकाची निकड खरी आहे का हे पुराव्यावर ठरतं, आणि खरी निघाली तरी कलम १६ च्या पोटकलम २ प्रमाणे कोर्ट बघतं की हुकूमनामा दिल्यानं जास्त हाल कोणाचे होतील. तिथे दोन्ही बाजूंच्या दुसर्‍या जागा मोजल्या जातात. तुमचा कोथरूडचा फ्लॅट समोरचा वकील काढणारच. तो तुमचा आहे, आईंचा नाही, हे आधीपासून स्पष्ट असू द्या.

उत्तर न देणं हा सगळ्यात वाईट पर्याय. उत्तर दिलं नाही म्हणून कोणी हरत नाही, पण पुढे कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, जे म्हणाल ते "मागाहून सुचलेलं" ठरतं.

जिन्याचा दिवा. कलम २९ वाचा. अत्यावश्यक सेवांमध्ये पाणी, वीज, आणि जिन्यातले व बोळातले दिवेसुद्धा धरले आहेत. सबळ कारणाशिवाय मालकाला ते तोडता किंवा अडवता येत नाहीत. कोर्टात अर्ज करता येतो, आणि कलमाचा भंग केला तर शिक्षाही आहे. उत्तरात त्याचा एक स्वतंत्र परिच्छेद हवा. तारखांसकट.

---

वाकडवासी | १७ नोव्हेंबर, दुपारी ३.१०

मस्त माहिती. माझं पण असंच चालू आहे. वाकडला टूबीएचके, अकरा महिन्यांचं अॅग्रीमेंट, चार महिने बाकी. ओनर म्हणतोय मुलाचं लग्न आहे, महिन्यात खाली करा. मला पण ९० दिवस मिळतील ना?

---

काळा_कोट | १७ नोव्हेंबर, दुपारी ३.२५

नाही. तुमचा लिव्ह अँड लायसन्स आहे, तुम्ही भाडेकरू नाही, परवानाधारक आहात. तुमचं बायबल म्हणजे तुमचा करार. त्यात लॉक-इन किती आणि नोटीस किती दिवसांची लिहिली आहे ते बघा. चार महिने बाकी असताना ओनरला लग्न आठवलं म्हणून करार संपत नाही. पण मुदत संपल्यावर मात्र एक दिवस बसू नका. कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज जातो, आणि राहिलेल्या काळाचे दुप्पट दरानं पैसे लागतात. वेगळा धागा काढा, इथे ताईंचा विषय चालू राहू दे.

---

गिरगावकर_जुना | १७ नोव्हेंबर, रात्री ८.५०

आमच्या चाळीत पागडी, त्यामुळे प्रकार निराळा. पण एक सांगतो. तुमच्या वाड्यावर बिल्डर आला असणार. चार लाख हा आकडा कोणाच्या खिशातून निघाला ते शोधा. २१० रुपये भाडं घेणारा मालक चार लाख देतो म्हणजे त्याला कोणीतरी चाळीस देणार आहे.

---

वाडामालक_एक | १८ नोव्हेंबर, सकाळी १०.२०

दुसरी बाजू कोणीतरी लिहायला हवी म्हणून लिहितो. मी तुमच्या वाड्याचा मालक नाही, दुसर्‍या एका पेठेतल्या वाड्याचा आहे. नऊ भाडेकरू, महिन्याचं एकूण भाडं २,१४० रुपये. गेल्या पावसाळ्यात मागच्या भिंतीला टेकू लावले, त्याचं बिल ६८,००० आलं. मिळकतकर वेगळा. कायदा म्हणतो भाडं वर्षाला ४ टक्के वाढवा. २१० चे ४ टक्के म्हणजे ८ रुपये ४० पैसे. एक चहाही येत नाही त्यात.

माझ्या आजोबांनी बांधलेल्या वाड्यात आम्ही पाच माणसं दीड खोलीत राहतो, आणि समोरच्या तीन खोल्यांचा भाडेकरू बाणेरला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतो, इथे महिन्यातून एकदा येऊन नळ सोडून जातो. तेव्हा "वापरात नाही" हे कलम उगाच आलेलं नाही.

तुमच्या आईंचं तसं नाही हे दिसतंय. दिवा बंद ठेवणं हा तर निव्वळ हलकटपणा. पण ताई, एक स्पष्ट विचारू? तुम्ही लिहिलंय आई घरी जायचं म्हणते, भाऊ पैसे घे म्हणतो. तुम्हाला काय हवंय ते लिहिलेलं नाही. आईंनंतर त्या खोल्यांचं काय? तुम्ही कोथरूडला, भाऊ बेंगळुरूला. वाडा पाडून बिल्डिंग होईल तेव्हा त्यात एक फ्लॅट मिळावा, असं तर नाही? असेल तर त्यात गैर नाही, पण मग आईचं नाव पुढे करू नका.

---

तारखेवाला | १८ नोव्हेंबर, सकाळी १०.४५

मालक, जरा सबुरीनं. बाई आईसाठी विचारतायत.

(प्रश्न मात्र बरोबर आहे. माझ्या चौदा वर्षांत मला हा कोणी विचारला नाही, आणि मीही स्वतःला विचारला नाही.)

---

माडीवरची | १९ नोव्हेंबर, रात्री १२.१०

वाडामालक, तुमचा प्रतिसाद वाचून आधी राग आला. मग दिवसभर ऑफिसात तोच डोक्यात.

हो. बिल्डरचं मला माहीत होतं, इथे लिहिलं नव्हतं. खालच्या बिर्‍हाडाला त्यानं साडेचारशे चौरस फुटांचं काहीतरी सांगितलंय, आम्हाला अजून नाही. आणि हो, मनात कुठेतरी येतं की साठ वर्षं भाडं भरलंय, पेठेत एक छोटासा फ्लॅट... त्यात माझा स्वार्थ आहे, आईचा नाही. आईला फ्लॅट नकोय. तिला तिची खिडकी हवी आहे, जिथून समोरच्या वाड्यातल्या सोनचाफ्याचं झाड दिसतं, आणि सकाळी सातला दूधवाल्याला वरूनच टोपली सोडायची आहे. लिफ्टचं बटण दाबायला ती अजून मला हाक मारते.

आज तिला सरळ विचारलं, आई, तुला तिथे राहायचंय की जागा सोडायची नाहीये? ती म्हणाली, "दोन्ही एकच नाही का?" मग थोड्या वेळानं, "जिना चढता आला तर राहीन. नाही आला तर सांगेन. पण अनधिकृत म्हणून नाही जाणार."

एवढं मला पुरे आहे.

---

काळा_कोट | १९ नोव्हेंबर, सकाळी ८.०० (संपादित: १९ नोव्हेंबर)

मग उत्तर सोपं झालं. आईंच्या नावानं जाऊ द्या, तुमच्या नाही. तुम्ही तिथे राहत नाही, स्वतःला भाडेकरू म्हणवू नका. आईंनंतर वारसांना काय मिळतं यावर कोर्टात भांडणं होतात, आणि तो विषय आज नोटिशीच्या उत्तरात आणायचं काही कारण नाही.

समझोत्याचा रस्ता बंद करू नका. उत्तराच्या शेवटी एक वाक्य: सन्मानपूर्वक, लेखी प्रस्ताव आला तर विचार करू. तोंडी चार लाखांना काही अर्थ नाही. पुनर्विकास खरंच होणार असेल तर खोल्यांचं आत्ताचं मोजमाप, नव्या इमारतीतलं क्षेत्र, मधल्या काळातलं भाडं आणि ताबा कधी, हे सगळं नोंदणीकृत करारात हवं. मोजमाप तुम्ही आत्ताच करून ठेवा, फोटोंसकट. वाडा पाडल्यावर भिंती कोणी मोजायच्या?

वाडामालकांनी सांगितलेला टेकूचा मुद्दाही डोक्यात ठेवा. पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा काढते, ती आली तर तिची मुदत वेगळी आणि ती गंभीर. मालकाची नोटीस आणि पालिकेची नोटीस यांची गल्लत करू नका.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, कोर्टाच्या आवारातच आहे. महिलांना तिथे उत्पन्नाची अट नाही, आईंना मोफत वकील मिळू शकतो.

---

माडीवरची | ११ डिसेंबर, रात्री ९.३०

मंडळी, पुढचं सांगते, कारण अर्ध्यावर सोडलेले धागे मला स्वतःला आवडत नाहीत.

उत्तर २४ नोव्हेंबरला गेलं. अडीच पानं. पहिला मसुदा मी लिहिला होता, त्यात पाळण्याचा आणि पानशेतचाही उल्लेख होता. वकीलबाईंनी (विधी सेवावाल्यांनीच नेमून दिल्या) दोन्ही काढून टाकलं. "हे कोर्टाला सांगायचं नाही, हे नातवाला सांगायचं," म्हणाल्या. संडासाबद्दल लिहिलं की २००९ मध्ये मूळ मालकांच्या समक्ष आणि संमतीनं, त्यांनी तेरा वर्षांत कधीही हरकत घेतली नाही. गवंडी सापडला! धायरीला असतो, आता त्याचा मुलगा ठेकेदार आहे. त्याला पाइप आठवतोय, मालकांची हिरवी शाई आठवत नाही, पण मालक "उतार ठेव रे" म्हणून ओरडत होते ते आठवतं.

चेक परत आला. पाकीट न उघडताच. मग मनीऑर्डर केली, त्यासाठी आईनं आग्रहानं ती ३८ पाकिटंच फोडली. पोस्टातल्या बाईंना दोनशे दहा, दोनशे दहा असं मोजून देताना मागे रांग लागली होती. ७६ शंभराच्या आणि ३८ दहाच्या. एक दहाची फाटकी निघाली, ती मी बदलून दिली.

३ डिसेंबरला आई घरी गेली. मी रजा टाकून सोबत गेले. जिना चौदा पायर्‍यांचा आहे. काठी एका हातात, कठडा दुसर्‍या, आणि प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय. वर पोचायला अकरा मिनिटं लागली. सातव्या पायरीवर ती थांबली तेव्हा मला वाटलं आता म्हणणार, चल परत. तर म्हणाली, "इथे कोणीतरी चपला काढून ठेवतं अजून, सांग त्यांना." दिवा अजून बंदच आहे. कलम २९ चा अर्ज वकीलबाई तयार करतायत, तोवर काकूंच्या दारातून वायर ओढून मी एक एलईडी लावलाय. तो नातवानं काढला नाही अजून. कदाचित वकिलानं समजावलं असेल.

रात्री मी किंवा माझी मुलगी तिथे झोपतो. हे किती दिवस जमेल ठाऊक नाही.

काल मनीऑर्डर परत आली. "घेण्यास नकार." आईनं ती बिस्किटांच्या डब्यात सगळ्यात वर ठेवली, हिरव्या सहीच्या पावत्यांवर. मग मला विचारत होती, डिसेंबरचं आता पाकिटात ठेवायचं की पोस्टात?

---

काळा_कोट | १२ डिसेंबर, सकाळी ७.४५

पोस्टात. परत आलेल्या पैशांसकट पुन्हा, डिसेंबर धरून ३९ महिन्यांचे ८,१९० रुपये. आणि नातवानं नाही घेतलं तरी जानेवारीचं पाच तारखेच्या आत पाठवा. मूळ पोच डब्यात राहू द्या, एक झेरॉक्स वकीलबाईंकडे.

---

तारखेवाला | १२ डिसेंबर, सकाळी ८.१०

आणि डबा कोथरूडला ठेवा हो. वाड्यात उंदीर असतात, माझ्या १९९३ च्या पावत्या त्यांनीच खाल्ल्या.